चाकाखालचा पाटा

आमच्याकडे सोयरिकी धर्माहून जुन्या आहेत. आईच्या आजोबांनी दुष्काळात मिशनची वाट धरली आणि वडिलांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याआधी दोन्ही घरं एकाच जातीची, गावाच्या एकाच टोकाला राहणारी आणि गावच्या विहिरीला सारखीच मुकलेली. त्यामुळे श्रीरामपूरजवळच्या ख्रिस्ती घरातली मुलगी संगमनेरकडच्या बौद्ध घरात दिली, तेव्हा फारसं कोणी नाक मुरडलं नाही. लग्न पंचशील म्हणून झालं. मांडवात आईचे वडील हात जोडून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत आपली प्रार्थना म्हणत होते, असं आई हसून सांगायची. लग्नानंतर ती चर्चची पायरी चढली नाही. फक्त सकाळी चूल पेटवताना तिचा उजवा हात सवयीने कपाळाकडे निघायचा आणि मध्येच वळून पदर सारखा करायचा.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते संगमनेरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर भोंग्यावरून गाड्या पुकारून ते घरातही तसेच बोलत. एकदा सांगितलं की सांगितलं, पुन्हा विचारायचं नाही. संध्याकाळी गावच्या विहारात वंदना तेच घेत. धम्मावरची पुस्तकं वाचताना पेन्सिलीने खुणा करत आणि रात्री जेवताना त्या खुणा केलेल्या ओळी आम्हाला ऐकाव्या लागत. माझा दादा ऐकल्यासारखं करून भाकरीचा पापुद्रा सोलत बसायचा. मला ते कधी जमलं नाही. मी वाद घालायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे.

सुट्टीत आम्ही मामाकडे जायचो. मामाचा थोरला मुलगा दादाच्याच वयाचा. हसला की डोळे मिटणारा, भित्रा, आणि दादाच्या शब्दाबाहेर न जाणारा. आई त्याला बाळा म्हणायची, त्याला मिसरूड फुटलं तरी. एकदा आम्ही तिघांनी शेजारच्या बागेतले पेरू चोरले आणि सापडलो. मामाने त्याचा कान धरून त्याला फादरांकडे पापकबुलीला नेलं. तो रडत आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. फादरांनी सांगितलेल्या प्रार्थना गुडघ्यांवर बसून म्हणून टाकल्या आणि दुपारी अंगणात विटीदांडू खेळायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर त्या चोरीचा मागमूससुद्धा राहिला नव्हता.

आम्ही दोघं घरी आलो तर अण्णांनी ना हात उगारला ना आवाज चढवला. ते विचारत राहिले. "भूक लागली होती का?" नाही. "पेरू विकत मिळाले नसते का?" मिळाले असते. "मग हात पुढे गेला त्याच्या आधी मनात काय आलं होतं?" मला काही सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "चोरी हाताने होत नाही, आधी मनात होते. कधी झाली ते शोध." मी कितीतरी दिवस शोधत होते. मामाकडे पाप दुपारपर्यंत आटोपायचं आणि आमच्याकडे ते शिळं होऊन घरातच राहायचं, याचा मला भयंकर राग यायचा. आई दोन्ही घरं ओळखून होती. ती नुसती हसायची आणि आम्हाला वाढायची.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही.

दादा दूध संघात नोकरीला लागला. मामाच्या थोरल्याने शाळा सोडली आणि तो ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. हंगाम सुरू झाला की आमच्या भागातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्यात मावत नाही इतका ऊस आणि मागे ना दिवा ना लाल कापड. चढावर असा ट्रॅक्टर अडला किंवा पंक्चर झाला की ड्रायव्हर उतरून चाकांना दगड लावतो. दुरुस्ती झाली की गाडी पुढे काढतो, आणि दगड तिथेच राहतो. एवढ्या ओझ्याची गाडी चढावर पुन्हा थांबवून दगड उचलायला कोण येणार? सगळेच तसं करतात. हंगामात या रस्त्यांवर असे दगड जागोजाग पडलेले असतात आणि गाड्या त्यांना चुकवत जातात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. थंडी सरत आली होती. दिवेलागणीला दादा मोटारसायकलवरून घरी येत होता. ओढ्याच्या पुलापुढच्या चढावर त्याची गाडी दगडावर गेली. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही. दूध संघातले लोक घरी आले तेव्हा आई त्याच्यासाठी वांग्याची भाजी फोडणीला टाकत होती. ती कढई तशीच खाली उतरवून ठेवलेली मला अजून दिसते.

मामाचं घर दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं. थोरल्याने दादाला खांदा दिला. तो विधी होईपर्यंत आमच्याकडेच राहिला. पाणी भरलं, सतरंज्या अंथरल्या, आल्यागेल्याला चहा दिला. अण्णा भिंतीला टेकून बसलेले असत, त्यांना हाताला धरून तोच जेवायला उठवी. पोटचा गेला पण हा पोटच्यासारखा उभा राहिला, असं लोक म्हणायचे. मीही म्हटलं असेल.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, मला ती जागा बघायचीय. अण्णांनी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आई, मी आणि मामाचा थोरला असे आम्ही तिघं गेलो. पोलिसांनी पंचनामा करून दगड रस्त्याच्या कडेला लोटून दिला होता. काळा, चपटा, एका अंगाला तुटलेला. आईने त्याच्याकडे बघितलं. मग शेजारी बसली आणि त्याच्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ती हंबरडा फोडणार. तिने मान वर करून मामाच्या थोरल्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली. त्याने नजर खाली घातली.

"उचल," ती म्हणाली. "घरी न्यायचाय."

त्याने दगड उचलला. टेम्पोत ठेवताना तो त्याच्या हातून निसटून फाळक्यावर आपटला. मला त्याची कीव आली. परत येताना तो आईच्या शेजारी बसला होता, पायांशी तो दगड.

आईने तो दगड मागच्या दारी मोरीजवळ पालथा टाकायला लावला. अण्णा चिडले. "हे कशाला घरात आणलं? त्याने काय होणार आहे?" आई चुलीकडे वळली. शोकात माणूस काहीही करतं म्हणून आम्ही सोडून दिलं. मला तो दगड डोळ्यांसमोर नको व्हायचा. मी कपडे धुवायला कालव्यावर जायला लागले.

ईस्टर झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आणि थोरला दारात उभे राहिले. तो इतका वाळला होता की मी आधी ओळखलंच नाही. मामाने पायरीवरच सांगून टाकलं, "दाजी, ह्याला तुमास्नी कायतरी सांगायचंय." तो अण्णांच्या समोर जमिनीवर बसला.

दगड त्याचा होता. काळ्या रानात वेळेला दगड सापडत नाही म्हणून तो घरचा तुटका पाटा ट्रॉलीत ठेवायचा. त्या दुपारी चढावर चाक पंक्चर झालं. त्याने पाटा चाकाला लावला. चाक बदललं, तोवर मागून दुसरा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न मारत राहिला. घाईघाईने तो निघाला आणि पाटा तिथेच राहिला. दादाचा अपघात कुठे झाला ते ऐकलं तेव्हाच त्याला कळलं होतं. इतके दिवस तो ते एकट्याने वागवत होता. शेवटी गुड फ्रायडेच्या आधी फादरांकडे जाऊन त्याने कबुली दिली. फादर म्हणाले, देव क्षमा करतो, पण त्या माउलीकडे जा.

मी उठून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. त्याला काय करावं, मारावं की हाकलावं, मला कळत नव्हतं.

अण्णा तांब्या उचलून पाणी प्यायले. मग विचारायला सुरुवात केली, थेट पेरूच्या वेळेसारखी. "दगड मुद्दाम ठेवून गेलास?"

"न्हाई."

"कोणाला लागेल, हे मनात आलं होतं?"

"न्हाई अण्णा. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

अण्णा उठले आणि त्याला खांद्याला धरून उभं केलं. "मग चेतना नाही. जिथे हेतू नाही तिथे कर्म नाही. तुझा गुन्हा नाही." असं म्हणून त्यांनी त्याला छातीशी धरलं. दादा गेल्यापासून ते रडले नव्हते, ते तेव्हा रडले.

तो अण्णांच्या खांद्यावरून आईकडे बघत होता. "आत्या, माफ कर मला."

आई चुलीपुढे पाठमोरी होती. चहाचं आधण ठेवत ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलं ना तुला."

तिने एवढंच म्हटलं. सगळ्यांना चहा दिला. त्यालाही दिला.

अण्णांच्या मोठ्या मनाची गोष्ट गावभर झाली. विहारात लोक त्यांच्या पाया पडायला लागले. मला मात्र तो मोठेपणा सहन होईना. एका रात्री मी त्यांना तोंडावर म्हटलं, "दादा गेला आणि कोणाचाच गुन्हा नाही, असं कसं असेल?" ते म्हणाले, "गुन्हेगार सापडला म्हणजे मन शांत होतं, असं वाटतं तुला? मग रोज त्याला मारत बसावं लागतं." तेव्हा मला ते पुस्तकातलं वाटलं. आता वाटतं, त्यांना स्वतःला वाचवायचं होतं. घरातल्याच पोराचा राग करत उरलेलं आयुष्य काढायची त्यांच्यात ताकद नव्हती.

मामाचा थोरला आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला. मला आत घाला म्हणाला. तिथल्या हवालदाराने अण्णांना बोलावून घेतलं. अण्णांनी, आमची कोणावर तक्रार नाही, असं लिहून दिलं. हवालदार कंटाळून म्हणाला, "घरी जा बाबा. रस्त्यात दगड टाकून गेलेले सगळे आत घ्यायचे म्हनलं तर कारखाना बंद पडंल." तिथूनही त्याला घरी पाठवलं. शिक्षेसाठी दारोदार फिरणारा आणि कुठेच दाद न लागणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

त्याने ट्रॅक्टर सोडला. लोकांच्या रानात रोजाने जायला लागला. हंगाम लागला की संध्याकाळी सायकलवर कारखान्याच्या रस्त्याने हिंडायचा आणि दिसेल तो दगड उचलून चारीत टाकायचा. पोरं त्याच्या मागे लागून हसायची. रविवारी चर्चला जायचा, पण मागच्या बाकावर बसायचा आणि सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठले की हा जागचा हलायचा नाही. फादरांनी त्याला बोलावून समजावलं. एकदा कबुली दिली, क्षमा झाली, आता मनात ठेवायचं नाही. तो म्हणाला, "आत्यानं केली न्हाई." लग्नाची दोन स्थळं आली, त्याने दोन्ही वेळा पाहुण्यांसमोर तोंड उघडलं नाही.

असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. एक दिवस मामा एकटाच आला. आई अंगणात डाळ पाखडत होती आणि मी आत ओसरीला होते. मामा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आक्का, काल पोरगं हिरीच्या कठड्यावर बसल्यालं हुतं. पाय आत सोडून. हाका मारल्या तर वळंना. धरून आनला."

आईचं सूप थांबलं.

"एक सबुद टाक, आक्का. खोटा का व्हईना, पन टाक. माफ केलं म्हन."

"खोटं बोलायचं न्हाई, हे ह्या घरात रोज वंदनेला म्हनते मी."

"मग खरा टाक."

"हे म्हनतात गुन्हाच न्हाई. मग माफ काय करू?"

मामा पुढे सरकला. मग हळूच म्हणाला, "आपल्या घरी काय शिकवलं हुतं, इसरलीस का?"

"इसरले असते तर कवाच म्हनून मोकळी झाले असते," आई म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

मामा चहा न घेता गेला. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. मला वाटलं, या घरात माझ्यासारखी चिडलेली आणखी एक आहे. पण त्या रात्री आई जेवली नाही. उशिरापर्यंत मागच्या दारात बसून होती, त्या दगडाकडे तोंड करून. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे जे आम्हाला नाही.

दादाच्या पुढच्या स्मृतिदिनाला आईने स्वतः मामाकडे निरोप धाडला, थोरल्याला घेऊन ये म्हणून. सकाळी भन्ते आले. परित्राण पाठ झाला. मग त्यांनी देसना, म्हणजे धम्मावरचं प्रवचन, दिली आणि योग असा की ते हेतूवरच बोलले. घडलेल्या गोष्टीपेक्षा ती घडताना मन कुठे होतं ते बघा, असं काहीसं. अण्णा डोळे मिटून मान हलवत होते. मामाचा थोरला दाराजवळ चपलांच्या शेजारी बसला होता. आई भिंतीशी बसून एकेक शब्द ऐकत होती.

जेवणं झाली, भन्ते गेले, पाहुणे पांगले. उन्हं कलायला लागली होती. तो मागच्या दारी मोरीवर हात धुवायला गेला. ताटात त्याने काही खाल्लंच नव्हतं, धुवायला हात खरकटेही नव्हते. आई त्याच्या मागोमाग गेली. मी भांडी घेऊन तिथेच होते.

"तो दगड उलटा कर," आई म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग वाकून दोन्ही हातांनी दगड उलटवला. खालून माती आणि गांडुळं निघाली. आईने तांब्याभर पाणी ओतलं आणि हाताने चोळलं. झिजून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग वर आला, मध्ये टाकीच्या घावांच्या जुन्या खुणा. एका बाजूचा कोपरा उडालेला होता.

"वळखतोस?"

"व्हय आत्या. आपला पाटा."

"मीबी वळखला हुता. तिसऱ्या दिशी. बघितल्या बघितल्या."

तो दोन पावलं मागे सरला. आतून अण्णा आणि मामा दारात येऊन उभे राहिले.

"ह्यो कोपरा माझ्या हातनं गेलाय," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारातलं काही सांगावं तसा. "परकरी पोर हुते मी. वरवंटा निसटला. आयीला त्याच सांजंला सांगितलं, भाकर खायच्या आदी. मार खाल्ला, मग भाकर खाल्ली."

तो उभाच होता.

"तू माझ्या लेकराला खांदा दिलास. माझ्या घरात राह्यलास. तुला घिऊन त्या जाग्यावर गेले, म्हनलं आता बोलंल. तुझ्याच हातानं ह्यो उचलायला लावला, म्हनलं आता तरी बोलंल. टेम्पोत माझ्या शेजारी बसलास. घरी यिऊन माझ्या हातची भाकर खाल्लीस."

अण्णा घाईने पुढे झाले. "अगं, घाबरला होता तो. त्याची चेतना—"

"चेतनाच सांगतेय मी," आई म्हणाली. "दगड ठिवला तवा चेतना न्हवती. तुमचं खरं हाय. भाकर खाल्ली तवा हुती."

अण्णांचा पुढे आलेला हात तसाच राहिला.

"आन मग गेलास कुठं? देवाकडं. तिथं धुवून निघालास आन मग माझ्याकडं आलास. देवाचं काय गेलं हुतं रं त्यात? माझ्याकडं आदी यायचं हुतं." इथे तिचा आवाज फुटला. "मी वाट बघत हुते तुझी. रोज दाराकडं बघायची मी. ईस्टरपातुर बघत बसले."

तो मोरीच्या ओल्या फरशीवर खाली बसला. "मी भ्यालो आत्या. वाटलं, सांगितलं तर तू मला घरात घ्यायची न्हाईस."

"घेतला नसता. चार दिस घेतला नसता. मग घेतला असता." तिने पदराने तोंड पुसलं. "दगडाची माफी मागू नगंस माझ्याकडं. त्यात तुझा गुन्हा न्हाई. ह्याची माग."

मामा तोंडात उपरण्याचा बोळा धरून भिंतीकडे वळला होता. मग थोरला म्हणाला, अगदी लहानपणीच्या आवाजात, "मी मुद्दाम गप बसलो, आत्या. मला माफ कर."

आईचा उजवा हात उठला, कपाळाकडे निघाला. नेहमीप्रमाणे मध्येच वळणार असं मला वाटलं. तो वळला आणि त्याच्या डोक्यावर जाऊन थांबला.

"केलं, बाळा."

दादा गेल्यापासून तिने त्याला बाळा म्हटलं नव्हतं. ते माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. तो असा रडला की शेजारची बाई कुंपणापाशी आली, बघून परत गेली.

नंतर त्याने तोंड धुतलं आणि विचारलं, "आत्या, ह्यो पाटा घिऊन जाऊ का मी? तुझ्या डोळ्यापुढं नगं."

"राहू दे. माझ्या आयीचा हाय."

ते निघून गेल्यावर अण्णा खाटेवर बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "तुला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"तो सांगाया आला त्याच दिशी तुमी त्याला सोडून दिलंत," आई म्हणाली. "मला इचारलं हुतं का?"

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. त्या संध्याकाळी ते विहारात गेले नाहीत. पुढेही वंदना ते घेत राहिले, पण जेवताना आम्हाला पुस्तकातलं ऐकवणं त्यांनी बंद केलं. मला त्याचं वाईट वाटलं. वाद घालायला घरात कोणी राहिलं नाही.

मामाने पुढच्या आठवड्यात निरोप पाठवला की रविवारी थोरला कम्युनियनला उठला. नंतर त्याचं लग्न झालं, आम्ही सगळे गेलो. तो हसला की त्याचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते. आई मात्र त्या दिवसानंतर थकली. दुपारी झोपायला लागली, स्वयंपाकात मीठ विसरायला लागली. इतकी वर्षं तिच्याजवळ राग होता. तो गेल्यावर तिच्याजवळ दादाच्या नसण्याखेरीज काही उरलं नाही. पाटा तिने धुवून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. पण त्यावर तिने कधी चटणी वाटली नाही आणि मलाही वाटू दिली नाही.

आणि माझं म्हणाल तर. त्या संध्याकाळी मामा आणि थोरला निघाले तेव्हा मी फाटकाशी उभी होते. लहानपणी पेरू चोरताना दादा झाडावर असायचा, हा खाली झोळी धरून आणि मी रस्त्यावर लक्ष ठेवून. आम्ही तिघं होतो. तो माझ्यासमोर थांबला. रडून डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा झाला होता, त्या पापकबुलीच्या दुपारी झाला होता तसाच. मला वाटलं, आता हा मलाही विचारेल, माफ करशील का म्हणून. माझा भाऊ गेला होता.

"येतो गं," तो म्हणाला.

"ये," मी म्हटलं आणि फाटक लावून घेतलं.

त्याने मला काही विचारलं नाही. त्याच्या मनात ते आलंही नसणार, हे मला कळतं, आणि हेतू नव्हता तिथे गुन्हा नाही हेही मी अण्णांकडून पुरतं शिकले आहे. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.